फक्कीचं घर

मामा भिंतीतून आत आले आणि थेट चुलीच्या जागेवर पाय देऊन उभे राहिले.

“अहो, भिंत हाय तिथं,” आत्या म्हणाल्या.

“कुठं?”

“तुमच्या मागं. आत्ता फोडून आलात ती.”

मामांनी वळून पाहिलं. जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ होती आणि त्यांच्या चपलेनं ती वीतभर पुसली गेली होती. दस्तगीर मिस्त्रींनी पाटीतली मूठभर फक्की घेतली, वाकून रेघ पुन्हा जोडली आणि हात झटकले.

“उतेकर, सकाळपासनं ही तिसरी वेळ. दार तिकडं हाय.”

“तिकडनं आलं की धा पावलं जास्त पडत्यात.”

“आत्ता पडू देत. पत्रा ठोकल्यावर हितनं आलात तर डोक्याला टाके पडतील.”

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरातली. कराडबाहेर हायवेला लागून मिस्त्रींचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं गॅरेज होतं आणि त्याच्यासमोर मोकळं पटांगण. त्या पटांगणात आमचं घर आखलेलं होतं. लांबी चोवीस फूट, रुंदी साडेसात. ते चाकांवर उभं राहणार होतं आणि वर्षातले आठ महिने आम्ही चौघं त्यात राहणार होतो.

आमचा धंदा मधमाश्यांचा. आमचं गाव जावळीत. तिथल्या डोंगराला वर्षभर फुलं नसतात, म्हणून फुलं असतील तिथं पेट्या न्यायच्या. नोव्हेंबरात राजस्थानातली मोहरी, मग कोट्याकडचे धने, मार्चअखेरीला बिहारातल्या लिचीच्या बागा. दोनशे पेट्या भाड्याच्या ट्रकमधून जायच्या आणि माणसं शेताच्या कडेला तंबू ठोकून राहायची. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. या दोघांनी अशी अठरा वर्षं तंबूत काढली होती. त्या वर्षी मात्र भरतपूरच्या वाऱ्यानं तंबू उभा फाटला आणि मामांनी घरी येऊन जाहीर केलं, की आता पत्र्याचं घर बांधायचं आणि ओढत न्यायचं.

माझं लग्न त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात झालं. नोव्हेंबरात मी त्या तंबूत गेले. तंबू दहा बाय बारा. त्यात चार माणसं, मधाचे डबे, मध काढायचं यंत्र आणि मधोमध दोरीवर टाकलेली आत्यांची जुनी इरकल. साडीच्या अलीकडं मामा खोकले, की पलीकडं आमची गोधडी हलायची. मी आणि माझा नवरा संपत, आम्ही तिथं अंधार पडल्यावर एकमेकांशी बोललो ते फक्त उद्या कुठल्या रांगेतल्या पेट्या उघडायच्या याबद्दल. बाकीचं बोलणं दिवसा, पेट्यांमध्ये उभं राहून, तोंडावर जाळीच्या टोप्या घालून. लग्नानंतरच्या त्या आठ महिन्यांत मी नवऱ्याशी मनातलं जे काही बोलले, ते सगळं जाळीतून.

गणपती उठले त्या दिवशी मी संपतला सांगितलं, की नव्या गाडीत भिंत असेल तर मी येईन. नसेल तर गावात राहीन. गावातल्या मध गाळायच्या केंद्रात बाटल्या भरायचं काम मिळत होतं आणि मी होकारासाठी पंधरा दिवस मागून घेतले होते.

“आठ महिने?” तो म्हणाला.

“आठ महिने.”

“आबांना कसं सांगू?”

“कसंही सांगा. दोन अक्षरं आहेत. भिंत.”

“ते विचारतील, कशाला.”

लेकानं बापाला भिंत कशाला हवी ते सांगायचं, अशी आमच्यात रीत नाही.

दस्तगीर मिस्त्रींची मात्र एक रीत होती. कागदावरचं घर सगळ्यांनाच मोठं वाटतं, असं ते म्हणायचे. म्हणून ते गिऱ्हाइकाचं घर जमिनीवर फक्कीनं आखायचे, कबड्डीच्या मैदानासारखं, अगदी खऱ्या मापाचं. गिऱ्हाइकानं त्यात एक दिवस राहायचं. सकाळी यायचं, तिथंच रांधायचं, जेवायचं, आडवं व्हायचं, आणि दिवस मावळेपर्यंत जे नडेल ते पुसून नवं आखायचं. त्याशिवाय ते वेल्डिंगला हात लावत नसत. एका गिऱ्हाइकानं म्हणे घाई केली. त्याच्या गाडीत पलंगाशेजारी उभं राहून धोतर नेसायला जागाच उरली नाही. “अजून रस्त्यावर उतरून नेसतोय,” मिस्त्री सांगायचे.

गाडीचा प्रकारही वेगळा होता. साधी ट्रॉली मागच्या हुकाला लटकते, तशी ही नव्हती. आमच्या जुन्या टेम्पोचा हौदा काढायचा आणि त्या जागी एक जाड लोखंडी चकती बसवायची, मोठ्या तव्यासारखी. ट्रेलरची मान त्या चकतीवर येऊन टेकायची. मिस्त्री तिला फिफ्थ व्हील म्हणायचे.

“पाचवं चाक म्हणतोस आन फिरतंय कुठं ते?” मामांनी विचारलं होतं.

“वळताना फिरतंय. बाकीची चार पळत्यात, हे नुसतं सांभाळून घेतंय.”

मान टेम्पोवर चढत असल्यामुळे घराचा पुढचा सात फुटांचा भाग उंच व्हायचा. तीन पायऱ्या चढून जायचं. आम्ही त्याला माळा म्हणू लागलो. पटांगणात त्या माळ्याच्या जागी मिस्त्रींनी चार टायर रचून त्यावर जुनं प्लायवूड टाकलं होतं.

मिस्त्रींकडे पुठ्ठ्यावर काढलेले तीन नकाशे होते. एकात दार मागं आणि सगळं मिळून एकच दालन. दुसऱ्यात दार मधोमध आणि स्वयंपाक शेपटीला. तिसऱ्यात आडवी भिंत घालून दोन खोल्या. मामांनी पहिला उचलला. बाकीचे दोन त्यांनी उलटून ठेवले.

“माणसं खाली, मध वर,” ते म्हणाले. “माळ्यावर डबे रचायचे आन कुलूप घालायचं. मध म्हणजे लक्ष्मी. ती वरच पाहिजे.”

“आन भिंत?” मिस्त्रींनी विचारलं.

“भिंत कशाला? भिंत म्हणजे वजन, वजन म्हणजे डिझेल. अठरा वर्षं तंबूत काढली आमी. कुठं हुती भिंत? संसार झालाच की.”

आत्या परातीत पीठ घेत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दहाच्या चहाला मी संपतच्या हातात कप दिला आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिले. तो कप संपेपर्यंत थांबला. मग खाकरला.

“आबा, मी काय म्हणतो.”

“म्हण.”

“मध काढताना माश्या आत शिरतात. गेल्या साली किती शिरल्या. मधे एक पार्टिशन असलं तर...”

“जाळीचा पडदा लावू. हलका असतोय.”

“धूर पण होतो. स्वयंपाकाचा.”

“खिडकी उघडायची.”

“शिवाय... मजबुती येते. गाडीला.”

“मिस्त्री, भिंतीनं मजबुती येती व्हय रे?”

दस्तगीर मिस्त्रींनी संपतकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या टेपकडे. “लोखंड माझं हाय. भिंत नसली म्हणून मोडायचं न्हाई,” ते म्हणाले. धंद्यात ते खोटं बोलत नसत.

संपत रिकामा कप घेऊन विसळायला गेला. अर्धा तास विसळत होता.

मी काम करत राहिले. त्या दिवशी फक्कीच्या दारातून ये-जा करणारी मी एकटीच होते. मामा तर कुठूनही येत-जात होते, संपत पाण्याची बादली घेऊन खिडकीतून गेला, आत्यासुद्धा मिठाचा डबा आणायला भिंत ओलांडून गेल्या. मी मात्र प्रत्येक वेळी वळसा घालून दारातून. मला मापं अंगात मुरवायची होती. किती पावलांवर चूल, किती पावलांवर पाणी. राहायचं की नाही ते ठरलेलं नव्हतं, पण पाय आपले मोजत होते.

आत्यांनी स्टोव्ह पेटवला. पिठलं टाकता टाकता त्यांनी अर्धं घर बदललं. खिडकी चुलीच्या डाव्या हाताला हवी, उजव्या नको, कारण पिठलं ढवळताना पेट्या दिसल्या पाहिजेत. मोरीचं पाणी दारासमोर नको. भांड्यांच्या फळीला पुढं पट्टी हवी, नाहीतर पहिल्याच वळणावर पातेली खाली. मिस्त्री पुसत होते, आखत होते. मामांनी आपल्या उशापाशी एक खिडकी मागितली, पडल्या पडल्या पेट्या मोजता याव्यात म्हणून.

“वैजंता,” आत्या मला म्हणाल्या, “तू एकटीच गं दारातनं येतेस.”

“सवय लावून घेते.”

“मंग येणार म्हणायची तू.”

माझ्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. संपतशिवाय कुणाशी मी हे बोलले नव्हते. आत्यांनी ती भाकरी उलथन्यानं उचलून नीट तव्यावर सरकवली आणि पिठल्यात मीठ घातलं.

जेवणं झाली. मिस्त्री म्हणाले, आता आडवं व्हा, जसं गाडीत झोपणार तसंच. पलंगाच्या लांबीत कुणी चुकलं तर आत्ताच कळंल.

मामांनी ओळ लावली. आधी ते, मग संपत, मग आत्या, शेवटी मी. साडेसात फुटांत चार माणसं, दोन सतरंज्यांवर, दुपारी दोन वाजता. वर मिस्त्रींनी ताडपत्री ताणली होती तेवढीच सावली. मी डोक्यावर पदर ओढून ताडपत्रीकडं पाहत पडले. माझ्या आणि संपतच्या मध्ये आत्या, आणि हायवेवरून जाणारे ट्रक वेग कमी करून आमच्याकडे बघत होते.

एक मोटारसायकल कचकन थांबली. स्वार धावतच रेघेपर्यंत आला. पांढऱ्या रेघा, ओळीनं चार माणसं, शेजारी उभा मिस्त्री.

“कधी झालं?” त्यानं विचारलं. “किती जण?”

“चार,” मिस्त्री म्हणाले.

“पोलिसांना कळवलं का? कोण जित्तं हाय का ह्यात?”

मामांनी एक डोळा उघडला. “पिठलं जरा जास्त झालंय. बाकी बरं हाय.”

तो माणूस दोन पावलं मागं सरला, मग त्याला समजलं, मग तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मिस्त्रींनी त्याला पाणी दिलं आणि आम्ही कोण, कशाला झोपलोय ते सांगितलं. जाताना तो म्हणाला, “पाव्हणं, घर झ्याक हाय. पण लेक-सून एवढ्या लांब लांब कशी?”

मामांनी डोळा मिटून घेतला.

मी उठून बसले. संपत आता बोलणार नव्हता, हे मला त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. म्हटलं, आपणच सांगावं. काय व्हायचं ते होईल. फार तर सून आगाऊ आहे म्हणतील, आणि बाटल्या तर भरायच्याच आहेत.

“मामा,” मी म्हणाले, “मला एक सांगायचं होतं.”

“मिस्त्री,” आत्या मध्येच म्हणाल्या आणि उठून बसल्या. “ते वजनाचं काय सांगत हुता तुमी?”

मिस्त्री वजनाचं कधी काय सांगत होते, ते मला आठवेना. पण मिस्त्रींना मात्र लगेच आठवलं.

“व्हय, ते ऱ्हायलंच. उतेकर, मध माळ्यावर चालायचा न्हाई.”

मामा उठून बसले. “का?”

“हे बगा. मान त्या चकतीवर टेकती. मानेवर वजन पाहिजे, न्हाईतर गाडी मागनं शेपूट हलवती. पण लई झालं तर टेम्पो बसतो. पाहिजे तेवढंच पाहिजे, आन ते कायम सारखं पाहिजे. आता तुमी जाताना डबे रिकामे. मानेवर कायच न्हाई. गाडी डोलत जाणार. येताना डबे भरलेले. साठ डबे, तीस-तीस किलोचे. टेम्पोचं कंबरडं मोडणार.”

मामांना वजनाचं गणित कुणी सांगावं लागत नसे. त्यांनी बोटांवर मोजलं आणि ओठ मुडपले. “मंग डबे कुठं?”

“मधे, चाकांवर. पलंगांच्या खाली.”

“आन वर काय?”

“जाताना-येताना जे सारखं ऱ्हातंय ते.”

“सारखं काय ऱ्हातंय?” आत्यांनी विचारलं. अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.

“पलंग. गाद्या. ट्रंका, कपाट.”

“म्हणजे झोपायचं वर.”

“कुणीतरी वर झोपलं म्हणजे बेस्ट.”

मामा उभे राहिले. “मंग मी वर. घरचा करता माणूस वरच पाहिजे.”

संपतनं डोळे मिटले. आत्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी कोपऱ्यातला एक बांबू उचलला.

“जरूर. चढून तर बगा.”

मामांना तिसऱ्या टायरवर पाय ठेवताना गुडघा धरावा लागला. कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. वर मिस्त्रींनी ट्रंकेच्या उंचीचे दोन खोके मांडले, त्यावर फळी टाकली. मामा फळीवर आडवे झाले. ऐसपैस झोप. मिस्त्रींनी प्लायवूडपासून साडेचार फुटांवर बांबू आडवा धरला.

“हे छत. आता उठून बसा.”

मामा उठले. बांबूनं टोपी उडाली ती खाली माझ्या पुढ्यात येऊन पडली.

“हे काय कोंबड्याचं खुराडं हाय?” मामा वरूनच ओरडले. “म्हाताऱ्या माणसानं काय रांगायचं हितं?”

“लोखंडाला पूल आडवा येतो, उतेकर. रस्त्यावर पूल असत्यात. याच्यावर उंची न्हाई मिळायची.”

“मंग तुमी आपलं खालीच बरं,” आत्या म्हणाल्या. “उशाला खिडकी हाय. पेट्या दिसत्यात.”

मामा खाली उतरले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. “मंग वर कोण?”

हायवेवरून एक ऊसवाहतुकीचा रिकामा ट्रॅक्टर गेला. मिस्त्री पाटीतल्या फक्कीचे खडे फोडत होते. संपत टायरवरचं नाव वाचत होता. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

मामांनी एकेकाकडे पाहिलं. शेवटी आत्यांकडे. आत्यांनी त्यांची नजर चुकवली नाही.

“पोरं,” मामा म्हणाले, जणू सकाळपासून तेच ठरवून आले होते. “पोरांना वाकता येतंय. पोरं वर.”

“बरं बोललात,” आत्या म्हणाल्या.

“पायऱ्यांवर काय लावू?” मिस्त्रींनी विचारलं. “पडदा का दार?”

“पडदा पुरे.”

“रस्त्याची धूळ?” आत्या म्हणाल्या.

“धूळ तर लई,” मिस्त्री म्हणाले. “पुढचं तोंड हाय ते. धूळ तिथंच.”

“मंग दार लाव. साधं, फळीचं.”

“फळीच्या फटीतनं येती धूळ,” संपत म्हणाला. सकाळपासून अडकलेला त्याचा आवाज आता भलताच मोकळा झाला होता. “डबल प्लाय लावा. मधे थर्माकोल भरता येतो. धूळ बारीक असती, आबा, कशातनंबी येती. कडी पण लागंल, दार हललं की धूळ...”

मामांनी त्याच्याकडे पाहिलं.

“लई अभ्यास हाय रं तुझा धुळीचा.”

आत्यांनी तोंडाला पदर लावला. मी भांडी उचलली आणि नळाकडे पळाले. नळावर कितीतरी वेळ माझे खांदे हलत होते. मिस्त्रींना वाटलं मी रडते आहे. त्यांनी विचारलंही. मी आणखी जोरात भांडी घासायला लागले.

परत आले तेव्हा आत्या पाटी घेऊन वाकल्या होत्या. पायऱ्यांच्या तोंडाशी त्या स्वतःच्या हातानं रेघ ओढत होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये सव्वादोन फुटांची दाराची जागा सोडून. मिस्त्रींच्या रेघेपेक्षा ती जाड होती. मामा माळ्याची लांबी पुन्हा एकदा बघायला म्हणून तिकडे निघाले. रेघेपाशी आले. थांबले. मग चपला काढून हातात घेतल्या आणि दाराच्या जागेतून आत गेले.

दिवाळीच्या तीन दिवस आधी गाडी तयार झाली. ताब्यात घ्यायला आम्ही चौघंही कराडला गेलो. मामा आणि संपत चकतीला ग्रीस लावायचं शिकत होते, आत्या भांड्यांच्या फळ्या तपासत होत्या. मी पहिल्यांदाच त्या तीन पायऱ्या चढले, दार लावून पाहिलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. बाहेर आले तर मिस्त्री उभे होते.

“बसली का नीट?”

“बसली. मिस्त्री, तुमचे लई उपकार झाले. तुम्ही त्या दिवशी वजनाचं काढलं नसतं तर...”

“मी कुठं काढलं?” ते हसले. “वहिनींनी काढलं. तुमच्या सासूबाईंनी. श्रावणात आल्या हुत्या त्या हितं. एकट्या, एस्टीनं. घरी माहेरी जाते म्हणून सांगितलं हुतं. दोन तास हिंडल्या पटांगणात, उभ्या गाड्या सगळ्या आतनं बघितल्या. मला म्हणाल्या, यातल्या कुठल्या गाडीत भिंत मागितल्याशिवाय खोली निघती? मी म्हटलं, मानेची गाडी घ्या, माळ्याची खोली आपोआपच होती. मग उतेकर आले. त्यांना साधी ट्रॉलीच पाहिजे हुती. मी म्हटलं, साधी ट्रॉली शेतात रिव्हर्स घेता यायची न्हाई. खोटं न्हाई बोललो, खरंच अवघड असतं ते. आन वजनाचंही खरंच हाय. वहिनी फक्त म्हणाल्या, ते सकाळी सांगू नका. जेवण होऊ द्या, मी विचारते.”

म्हणजे मामांनी त्या सकाळी नकाशे उलटे ठेवले, तेव्हा नकाशा महिनाभर आधीच ठरलेला होता.

“मी त्यांना म्हटलं,” मिस्त्री ग्रीसचा हात फडक्याला पुसत म्हणाले, “वहिनी, सुनेची एवढी काळजी करणारी सासू मी पहिल्यांदा बघितली. तर नुसत्या हसल्या.”

नोव्हेंबरात गावाहून निघताना मी आत्यांच्या पाया पडले. आशीर्वाद द्यायचा सोडून त्या म्हणाल्या, “बाटल्या भरायला माणूस मिळंल त्यांना. चल, पातेली बांधून घे.”

पाचव्या दिवशी आम्ही भरतपूरच्या पुढं एका मोहरीच्या शेताला लागलो. मोहरी नुकतीच फुलायला लागली होती. पेट्या उतरवल्या, रांगा लावल्या, माश्यांना बाहेरची हवा लागू दिली. टेम्पो जागच्या जागी ठेवून गाडीचे पाय टेकवले. दुपारी जेवणं झाली. मामा म्हणाले, प्रवासाचा शिणवटा आहे, चारपर्यंत कुणी पेट्यांकडे जायचं नाही.

मी आणि संपत वर गेलो. मी दार लावलं, कडी घातली. मग आम्ही दोघं मान वाकवून पलंगावर बसलो, तोंडावर जाळी नाही, समोर एकमेकांचे चेहरे, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. संपत म्हणाला, उद्या तिसऱ्या रांगेपासून पेट्या उघडू. मी हसायला लागले. तोही.

आणि खालून कडी लागली.

आम्ही दाराकडे पाहिलं. त्या दाराला खालच्या बाजूनंही कडी आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी ती आम्हाला दाखवली नव्हती.

“चुकून लागली असंल,” संपत कुजबुजला आणि ठोठावायला हात उचलला.

मी तो हात धरला.

खाली मामांचा आवाज आला. आठ महिने एका तंबूत राहून मी त्यांचा खोकला ओळखत होते, ओरडणं ओळखत होते, पण हा आवाज मला नवा होता.

“हिरा,” ते म्हणाले.

आमच्या लग्नाच्या पत्रिकेत सौ. हिराबाई असं छापलेलं होतं, तेवढंच. गावात त्या कुणाच्या काकी होत्या, कुणाच्या वहिनी, माझ्या आत्या. त्या नावानं कुणी त्यांना हाक मारताना मी ऐकलं नव्हतं. पुढं मामा काय म्हणाले ते कळलं नाही. मिस्त्रींनी प्लाय चांगलं वापरलं होतं. पण आत्या हसल्या, ते प्लायमधूनही आलं. पदर तोंडाला न लावता हसल्यावर येतो तसा आवाज होता तो, मोठा, अडखळत, पोरीसारखा.

संपतचे कान लाल झाले होते. “आई हाय ही?” तो म्हणाला.

“अठरा वर्षं तंबू,” मी म्हणाले. “त्याच्या आधी?”

“आधी घरात आजी. दोन काका. आन...” तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

चारला खालची कडी निघाली. मी वरची काढली. आत्यांनी चहा टाकला होता आणि त्या डाव्या हाताच्या खिडकीतून पेट्यांकडे पाहत होत्या. मामा बाहेर कुठल्याशा पेटीचं झाकण उगाचच सरळ करत होते. मी पायऱ्या उतरले, कप घेतले, गाळणं शोधून दिलं. चहा नेहमीपेक्षा गोड झाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आत्या भांडी घासायला बसायच्या आत मीच ती उरकली, आणि संपत बसून राहिला होता त्याला दंडाला धरून वर घेऊन गेले.